तीन टक्के, पण कशाचे?

पत्र: आमचा सिंबा साडेचार वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे, नसबंदी झालेली आहे. पाच महिन्यांपूर्वी त्याला कच्च्या मांसावर आणलं. वजनाच्या तीन टक्के द्यायचं असं कळलं होतं. तेव्हा तो ३२ किलोचा होता, म्हणून रोज किलोभर देऊ लागलो. चिकनवाला कुत्र्यासाठी वेगळी पिशवी बांधून देतो, त्यात माना, पंख, पाय आणि कातडी असते. वर थोडी कलेजी. आता वजन ३४ किलो झालंय, डॉक्टर म्हणतात २९ हवं. शी पांढरी, खडूसारखी होते आणि करताना त्याला जोर लावावा लागतो. जेवण झालं तरी रिकामं भांडं चाटत बसतो, म्हणून सकाळी एक पोळी आणि चहाच्या वेळी दोन-तीन बिस्किटं होतातच. त्यात आता सोसायटीतलं तीन महिन्यांचं देशी पिल्लू घरी आणलंय, चिकू, वजन सहा किलो. त्यालाही हेच सुरू करू का? दोघांना नेमकं किती द्यायचं? घरात ७४ वर्षांच्या सासूबाई आणि दोन वर्षांची नात आहे.
— एक वाचक, नेरुळ

ताई,

आधी दोन गोष्टी आजपासूनच्या. ती पिशवी आहे तशी देणं आज बंद करा. आणि चिकूला कच्चं मांस सुरू करू नका. कारणं पुढे येतीलच, पण तुम्ही पत्र पूर्ण वाचेपर्यंत संध्याकाळचं जेवण व्हायला नको.

आता तीन टक्क्यांबद्दल. मोठ्या कुत्र्याला वजनाच्या दोन ते तीन टक्के कच्चं अन्न, हा हिशेब सगळीकडे सांगितला जातो आणि सुरुवातीचा अंदाज म्हणून तो ठीक आहे. मात्र हे टक्के कुत्र्याच्या हव्या असलेल्या वजनावर काढायचे असतात, आजच्या वजनावर नाही. सिंबासाठी तो आकडा २९ किलो. आजच्या ३४ किलोवर तीन टक्के काढले तर १,०२० ग्रॅम येतात. २९ किलोवर दोन टक्के म्हणजे ५८० ग्रॅम, अडीच टक्के म्हणजे ७२५ ग्रॅम. आजच्या वजनावर हिशेब केला की वाढलेल्या चरबीलाही आपण खाऊ घालतो. पुढच्या महिन्यात वजन आणखी वाढतं, त्यावर पुन्हा तीन टक्के, असं चक्र चालू राहतं.

तीन टक्के ही वरची मर्यादा रोज तासन् तास धावणाऱ्या, तरुण, नसबंदी न झालेल्या कुत्र्यासाठी आहे. नसबंदी झालेला, फ्लॅटमध्ये राहणारा, सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास फिरणारा लॅब्रॅडॉर दोन ते अडीचमध्ये बसतो. आकाराने लहान कुत्र्यांना उलट टक्के जास्त लागतात. चार किलोच्या पॉमेरेनियनला तीन ते चार टक्केही लागू शकतात, कारण शरीर लहान असेल तर किलोमागे ऊर्जा जास्त खर्च होते. म्हणून शेजारच्या कुत्र्याचे टक्के आपल्या कुत्र्याला लावू नयेत.

टक्क्यांपेक्षा पक्का हिशेब कॅलरींचा, आणि तो मोबाइलच्या साध्या कॅल्क्युलेटरवर होतो. हवं असलेलं वजन तीनदा एकमेकांशी गुणा, आलेल्या उत्तराचं वर्गमूळ काढा, त्याचं पुन्हा एकदा वर्गमूळ काढा आणि शेवटी ७० ने गुणा. सिंबासाठी: २९ गुणिले २९ गुणिले २९ म्हणजे २४,३८९. वर्गमूळ १५६.२. पुन्हा वर्गमूळ १२.५. गुणिले ७० म्हणजे ८७५ कॅलरी. नुसतं बसून राहिलं तरी शरीर चालवायला लागणारी ही रोजची ऊर्जा. वजन टिकवायचं असेल तर नसबंदी झालेल्या घरच्या कुत्र्यासाठी या आकड्याला १.४ ते १.६ ने गुणतात, म्हणजे १,२२५ ते १,४००. वजन उतरवायचं असेल तर १ ने. म्हणजे सिंबाची सुरुवात ८७५ च्या आसपास, आणि २९ किलोला पोचला की हळूहळू १,२०० च्या दिशेने.

आता पिशवी उघडून पाहू. वजन वाढण्याचं आणि शी पांढरी होण्याचं, दोन्हींचं उत्तर तिच्यातच आहे.

कातडी काढलेल्या कच्च्या कोंबडीच्या मांसात १०० ग्रॅमला साधारण १२० कॅलरी असतात. कातडीसकट तेच मांस २१५ च्या घरात जातं. नुसती कातडी ३५०. कातडीसकट मानेचं मांस जवळजवळ ३००. म्हणजे काट्यावर एक किलो दाखवणारी पिशवी, कातडी किती पडली त्यावर, १,७०० ते २,००० कॅलरींपर्यंत सहज जाते. त्यात एक मध्यम पोळी, तूप न लावता, शंभर-सव्वाशे. बिस्किटांत १०० ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास. सिंबाला वजन टिकवायला १,२००-१,४०० लागतात आणि त्याला मिळतात १,८०० च्या पुढे. पाच महिन्यांत दोनच किलो वाढले, याचं श्रेय त्याच्या फिरण्याला द्यायला हवं.

दुसरी गोष्ट हाडांची. कच्च्या जेवणात हाडाचा वाटा एकूण वजनाच्या साधारण १० टक्के हवा. पंखात हाड ४५ टक्क्यांच्या आसपास असतं, कातडी काढलेल्या मानेत ३५ टक्क्यांच्या वर, आणि कोंबडीच्या पायांत तर निम्म्याहून जास्त. या सगळ्यांची मिळून केलेली पिशवी म्हणजे ३५-४५ टक्के हाड. एवढं हाड आतड्यात गेलं की शी पांढरी, कोरडी, हातात घेतली तर भुगा होईल अशी होते. सिंबा जोर लावतो तो यामुळेच. पुढची पायरी म्हणजे हाडाच्या भुग्याचा गोळा आतड्यात अडकणं. दोन दिवस शी झाली नाही, वारंवार उलटी झाली, पोट कडक लागलं किंवा तो पाठ कमानीसारखी करून उभा राहू लागला, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन एक्स-रे काढून घ्या.

दुकानदाराचा यात दोष नाही. जे माणसं घेत नाहीत ते तो बांधून देतो. पण पिशवीचं वजन म्हणजे जेवणाचं माप नव्हे, आणि हे भाग सकाळपासून उघड्या ट्रेमध्ये पडून असतात हेही लक्षात ठेवायला हवं. नवी मुंबईच्या दमट हवेत दुपारपर्यंत त्यांची काय अवस्था होते ते वासावरून नेहमी कळत नाही.

मग ताटात काय हवं? कच्च्या आहाराची ठरलेली विभागणी अशी: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, ५ टक्के कलेजी आणि ५ टक्के दुसरा एखादा स्रवणारा अवयव, म्हणजे गुर्दा (मूत्रपिंड) किंवा तिल्ली (प्लीहा). इथे बहुतेकांची एक गल्लत होते. पेटा आणि दिल हे अवयव असले तरी या हिशेबात ते मांसातच धरायचे, कारण ते स्नायू आहेत. फोपसं स्नायू नाहीत, पण तीही मांसातच धरतात. कलेजी-पेटा एकत्र तोलून ‘अवयव झाले’ म्हणून सोडून दिलं तर गुर्द्याचा वाटा राहूनच जातो.

सिंबाच्या ७२५ ग्रॅमचा कच्चा हिशेब मग असा बसतो. कातडी काढलेल्या माना २०० ग्रॅम, त्यात हाड साधारण ७२ आणि मांस १२८. कातडी आणि हाड नसलेलं मांस, पेटा आणि दिल मिळून ४५० ग्रॅम. कलेजी ३५ ते ३६ ग्रॅम. मटणवाल्याकडचा गुर्दा तेवढाच. एकूण कॅलरी ८२० च्या जवळ, म्हणजे वर काढलेल्या ८७५ च्या आत. टक्क्यांचा हिशेब आणि कॅलरींचा हिशेब इथे जुळतात, कारण मांस बिनकातडीचं आहे. कातडी घातली की ते लगेच फिसकटतात. म्हणूनच टक्के सांगणाऱ्याला आधी विचारावं, कोणत्या मांसाचे?

कलेजी जास्त देऊ नका. स्वस्त असते आणि कुत्र्यांना फार आवडते, म्हणून हात सैल सुटतो. पण तिच्यात व्हिटॅमिन ए आणि तांबं खूप असतं, आणि दोन्ही शरीरात साठत जातात. आठवड्याला २५० ग्रॅम हा सिंबाचा वाटा. रोज ३५ ग्रॅम तोलायचा कंटाळा असेल तर दोन दिवशी सव्वाशे-सव्वाशे ग्रॅम द्या. काळपट, चिकट आणि सैल शी झाली तर पहिला संशय कलेजीवर घ्यायचा.

हा झाला कच्चा हिशेब, कारण तुम्ही तो विचारलात आणि तो बरोबर माहीत असायला हवा. तुमच्या घरात मात्र हे कच्चं चालू ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर सापडणं अगदी सामान्य आहे. कुत्रा ते खाऊन धडधाकट राहू शकतो, आणि तरीही त्याच्या लाळेतून आणि शीतून ते जंतू घरभर जात राहतात. तो नातीचं तोंड चाटतो, ती फरशीवर रांगलेले हात तोंडात घालते. ७४ व्या वर्षी आणि दुसऱ्या वर्षी जुलाबाचं दुखणं अंगावर काढता येत नाही. फ्रीझरमध्ये ठेवल्याने जंतू मरतात हा समज चुकीचा आहे, ते फक्त थांबतात आणि मांस सुटलं की पुन्हा वाढू लागतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये कच्चा मांसाहार देऊ नये अशी भूमिका घेतली, तीही जंतूंच्या कारणावरून. कुत्र्यालाही धोका अगदीच नाही असं नाही. मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१८ मध्ये कच्ची कोंबडी, कॅम्पायलोबॅक्टर आणि कुत्र्यांना अचानक येणारा पायांचा लुळेपणा यांचा संबंध दाखवून दिला. त्यात कच्च्या मानांचा खास उल्लेख होता.

माप तेच ठेवून हेच जेवण उकडून द्या. सिंबाचं एका दिवसाचं जेवण असं:

कातडी आणि हाड नसलेलं चिकन, मांडी आणि छाती मिळून, ५५० ग्रॅम
पेटा आणि दिल, १०० ग्रॅम
कलेजी, ३५ ग्रॅम
गुर्दा, ३५ ग्रॅम
अंड्याच्या कवचाची पूड, ४ ग्रॅम, म्हणजे चहाचा पाऊण चमचा सपाट
वरून दुधी, फरसबी किंवा लाल भोपळा, उकडून कुस्करलेला, १०० ते १५० ग्रॅम

मांसाच्या साडेआठशेच्या आसपास कॅलरी होतात. भाजीच्या जेमतेम ३०-४०, पण तिने पोट भरतं आणि शी मऊ होते. भांडं चाटणाऱ्या सिंबाला तिची गरज आहे.

सगळी वजनं कच्च्या मांसाची आहेत, हे पक्कं ध्यानात ठेवा. शिजताना चिकनमधलं पाणी निघून वजन पाव हिस्सा किंवा जरा जास्त कमी होतं. शिजल्यावर ५५० ग्रॅम तोललंत तर खरं तर साडेसातशे ग्रॅमचं जेवण दिलंत, आणि दोन आठवड्यांनी काटा हलला नाही म्हणून वैतागाल. आधी तोला, मग शिजवा. थोड्या पाण्यात, मीठ, कांदा, लसूण काहीही न घालता शिजवा आणि उरलेलं पाणीही जेवणात ओता, कारण टॉरिन आणि ब गटातली व्हिटॅमिन्स त्या पाण्यात उतरतात. आपल्या रश्श्यातले तुकडे धुऊन देऊ नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि धुतल्याने ते निघून जात नाहीत.

हाड शिजवायचं नाही. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन टोकदार फुटतं आणि आतडं फाडू शकतं. पण हाड काढलं की कॅल्शियम गेलं, म्हणून कवचाची पूड. ती चव म्हणून किंवा ऐच्छिक म्हणून धरू नका. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं असतं. ही तूट शरीर स्वतःच्या हाडांतून भरून काढतं. अंड्याची कवचं धुऊन पाच-दहा मिनिटं उकळा, कडक वाळवा आणि मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करा. खरखरीत राहिली तर पुन्हा फिरवा. एक सपाट चमचा पाच ते सहा ग्रॅमचा असतो आणि त्यात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं. किलोभर बिनहाडाच्या मांसाला एक चमचा, हे सर्वसाधारण प्रमाण. आणि हे हाडाच्या बदल्यात आहे. कधी काळी पुन्हा हाडाचं जेवण दिलंत तर पूड बंद.

तरीही नुसत्या कोंबडीवर वर्षानुवर्षं कुत्रा नीट राहत नाही. झिंक, मँगेनीज, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि व्हिटॅमिन ई यांत कमतरता राहते. लक्षणं सावकाश येतात: केस निस्तेज, पंजाच्या गाद्या जाड आणि भेगाळलेल्या, खाज. आठवड्यातून दोनदा चिकनच्या जागी तेवढ्याच वजनाचं चरबी काढलेलं मटण दिलं तर झिंक बरंच वाढतं. आणखी दोन दिवशी १०० ग्रॅम तारली किंवा बांगडा, उकडून, काटे काढून. बेलापूरजवळ दिवाळे कोळीवाड्यात सकाळी ताजी मिळते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात येणारे मासे बहुतेक बर्फातले असतात, त्यांच्या ताजेपणाची खात्री नसेल तर त्या दोन महिन्यांत माशाच्या तेलाची कॅप्सूल द्या, मात्रा डॉक्टरांना विचारून. मासे कच्चे देऊ नका, तारलीसारख्या माशांत ब-१ व्हिटॅमिन मोडणारं एंझाइम असतं आणि ते शिजवल्यावरच निकामी होतं. एवढं करूनही राहणाऱ्या कमतरतेसाठी घरच्या जेवणाबरोबर द्यायची खनिजं-व्हिटॅमिनची पूड डॉक्टरांकडून लिहून घ्या. माणसांच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नका.

आठवड्याची खरेदी एकदाच करता येते. कातडी आणि हाड काढलेलं चिकन चार किलोच्या आत, पेटा-दिल ७०० ग्रॅम, कलेजी आणि गुर्दा पाव-पाव किलो. गुर्दा मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो, नाहीतर तो ग्राहकाच्या मटणात जातो. दुकान उघडतानाच जा. चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात. शिजवून, गार करून, सात डबे भरा. दोन दिवसांचे खाली फ्रिजमध्ये, बाकी फ्रीझरमध्ये. रोज रात्री एक डबा खाली उतरवा, म्हणजे दुसऱ्या रात्रीपर्यंत सुटतो. ओट्यावर ठेवून सोडवू नका. पावसाळ्यात चार तासांहून जास्त वीज गेली तर फ्रिजमधले डबे टाकून द्यावे लागतील. सोमवार-गुरुवार किंवा श्रावण पाळत असाल आणि त्या दिवशी ओट्यावर मांस चालत नसेल तर शिजवण्याचा वार त्यानुसार ठरवा. डबे झाकलेले असतात, सिंबाचा वार चुकायला नको.

जुन्या पिशवीवरून नव्या जेवणावर एकदम उडी नको. पहिले दोन दिवस एक चतुर्थांश जुनं, तेही कातडी आणि पाय काढून, मग पूर्ण नवं. ७२५ ग्रॅम एका वेळी देऊ नका. सकाळी निम्मं, संध्याकाळी निम्मं. भांडं वीस मिनिटांत उचला.

पोळी आणि बिस्किटं बंद. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पाळायला घरातल्या सगळ्यांची साथ लागते. सिंबाचं भांडं चाटणं हा भुकेचा पुरावा नाही. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ जास्त असते, वजनही जास्त भरतं. त्याला खरंच खावंसं वाटत असतं, पण त्याच्या शरीराला ते लागत नसतं. सासूबाईंना चहाबरोबर त्याला काहीतरी द्यायचंच असेल तर गाजराचे तुकडे किंवा सकाळच्या जेवणातूनच बाजूला काढलेले उकडलेल्या पेट्याचे पाच-सहा बारीक तुकडे त्यांच्या हाताशी ठेवा. देण्याचा आनंद त्यांच्याकडून काढून घ्यायचं कारण नाही. द्राक्षं आणि मनुका मात्र एकही नको, दोन्हींनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.

आता काटा. ३४ किलोच्या कुत्र्याला उचलून घरच्या वजनकाट्यावर उभं राहणं तुमच्या कंबरेला परवडणार नाही, डॉक्टरांकडच्या सपाट काट्यावर दर दुसऱ्या रविवारी, सकाळी जेवणाआधी वजन करा. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरणं योग्य. सिंबासाठी पंधरवड्याला पाऊण ते सव्वा किलो. त्याहून कमी उतरलं तर मांस १० टक्क्यांनी कमी करा, म्हणजे ७० ग्रॅम, भाजी तेवढी वाढवा. सव्वा किलोहून जास्त उतरलं तर ७० ग्रॅम वाढवा. एका वेळी एवढाच बदल, मग पुन्हा दोन आठवडे थांबायचं. या वेगाने पाच किलो उतरायला दोन ते तीन महिने लागतील. सहा आठवडे काटेकोर पाळूनही काहीच उतरलं नाही तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. पावसाळ्यात पाम बीच रोडकडचं फिरणं आठवडा-आठवडा बुडतं, तेव्हा मापही ५ ते १० टक्के खाली आणायचं.

काट्याच्या मधल्या दिवसांत हाताने तपासा. आपला तळहात जमिनीकडे करून बोटं सरळ ठेवा आणि दुसऱ्या हाताने बोटांच्या मुळाशी पाठीवरून चाचपडा. हाडं सहज जाणवतात, वर पातळ थर असतो. सिंबाच्या फासळ्या अशा लागल्या पाहिजेत. मूठ वळल्यावर जशी हाडं टोचतात तशा लागल्या तर तो बारीक झालाय. तळहाताच्या गादीसारखं मऊ लागलं तर अजून चरबी आहे. आज बहुधा गादी लागेल. वरून पाहिलं की फासळ्यांमागे कंबर आत गेलेली दिसायला लागेल, तेव्हा २९ जवळ आलं समजा. डॉक्टरांचा २९ हा आकडासुद्धा अंदाजच आहे. कंबर आणि फासळ्या ३० ला बरोबर वाटल्या तर तिथे थांबायला हरकत नाही.

चिकूचं प्रकरण वेगळं आहे, आणि तिथे चूक झाली तर ती परत फिरवता येत नाही.

वाढत्या पिल्लांचे कच्च्या आहाराचे टक्के आजच्या वजनावर काढतात: दोन ते चार महिन्यांत ८ ते १०, चार ते सहात ६ ते ८, पुढे कमी होत वर्षभरात मोठ्या कुत्र्याच्या दोन-तीनवर. सहा किलोच्या चिकूला म्हणजे ४८० ते ६०० ग्रॅम. आकडा बरोबर आहे, पण ताटात काय आहे ते पाहा. चिकूला रोज साधारण ८०० कॅलरी लागतात, वर दिलेला हिशेब ६ किलोवर करून ३ ने गुणला की ८०५ येतात. पशुखाद्याच्या अमेरिकी मानकांप्रमाणे वाढत्या पिल्लाला दर हजार कॅलरींमागे किमान ३ ग्रॅम कॅल्शियम हवं, म्हणजे चिकूला रोज जवळजवळ २,४०० मिलिग्रॅम. ५०० ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये किती असतं? साठेक मिलिग्रॅम. दोन-तीन महिने असं चाललं तर पिल्लाचे पुढचे पाय वाकतात, ते लंगडतं, उडी मारताना हाड मोडतं. आणि घाबरून कॅल्शियमचं सिरप अंदाजाने ओतलं तर उलट्या बाजूने बिघडतं, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लांत. सिंबाला चालणारा कवचाच्या पुडीचा ढोबळ हिशेब पिल्लाला पुरत नाही.

म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत त्याला पिल्लांसाठीचं पूर्ण आहाराचं कोरडं खाद्य द्या, पाकिटावर ‘वाढीसाठी’ किंवा ‘पपी’ असं लिहिलेलं. पाकिटावरच्या कॅलरी पाहा. १०० ग्रॅमला ३८० असतील तर ८०० कॅलरींना २१० ग्रॅम होतात. देशी पिल्लं सडपातळ बांध्याची असतात, १८० पासून सुरू करा, तीन जेवणांत ६०-६० ग्रॅम, आणि वरचीच फासळ्यांची परीक्षा दर रविवारी घ्या. पहिल्या आठवड्यात सोसायटीत त्याला जे मिळत होतं, दूध-भात असेल तर भात, त्यात हे थोडं थोडं मिसळत वाढवा, एकदम बदललं तर जुलाब लागतील. दर आठवड्याला वजन करा, त्याला उचलून काट्यावर उभं राहणं अजून सोपं आहे: दोघांचं वजन वजा तुमचं. चार महिने पूर्ण झाले की ३ ऐवजी २ ने गुणायचं, पण तोवर वजनही वाढलेलं असेल, म्हणून ग्रॅम फारसे कमी होणार नाहीत. खाद्य नीट चालत असेल तर त्यावर कॅल्शियम वेगळं घालू नका. लसी आणि जंताचं औषध यांच्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या. रस्त्यावरून आलेल्या पिल्लात जंत असतातच असं धरून चालायचं, आणि जंत असले की कितीही मोजून घातलं तरी पोट फुगलेलं आणि फासळ्या उघड्या राहतात.

दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून जेवू घाला. चिकूचं खाद्य मूठभर जरी सिंबाच्या पोटात गेलं तरी शंभर-दीडशे कॅलरी वाढतात, आणि सिंबा ती संधी सोडणारा कुत्रा वाटत नाही. चिकूचं भांडं पंधरा-वीस मिनिटांनी उचलून वर ठेवा, मगच दार उघडा.